लिफ्ट तिसऱ्यावर थांबते

मंगळवार, ता. ३

आज लिहायला कारण मिळालं. एरवी आमच्या दिवसांत लिहिण्याजोगं काय असतं? हिचा दुखरा खुबा, माझं चालणं, दोघांच्या गोळ्या.

संध्याकाळी खालून परतलो तर लिफ्ट वर अडकलेली. कुणीतरी सामान उतरवत होतं. म्हटलं, पाच मजले म्हणजे काही फार नाहीत. तिसऱ्यावर पोचलो आणि ते फार आहेत हे कळलं. दादाच्या बंद दाराशी, लिफ्टजवळच्या कोपऱ्यात, त्याचा चपला काढायला बसायचा बाक अजून तसाच आहे. त्यावर टेकलो.

दादाला जाऊन वर्ष होत आलं. पुतण्याने घराला कुलूप लावलं आणि तो आपल्या देशोदेशीच्या नोकरीवर निघून गेला. मजल्यावर दुसरं घर नाही. येता-जाता पोरं उगाच तिसऱ्याचं बटण दाबून पळायची, म्हणून कमिटीने बटणाची डबीच काढायला लावली. आता बाकाशेजारी भिंतीत नुसतं चौकोनी भोक आहे. त्यातून एक तार बाहेर डोकावते. तिच्या टोकाची चिकटपट्टीसुद्धा सुटलेली आहे. वरचा दिवा गेला तोही कुणी बदलला नाही. बदलणार कुणासाठी?

दम खात बसलो. बोटांना चाळा लागतोच, तो त्या तारेशी चालला होता. ओठांवर आमच्या गुरुजींची कविता आली. ती कुठल्या पुस्तकात नाही, त्यांनी स्वतः रचून फळ्यावर लिहून दिलेली. वर्ग सुटायच्या आधी शेवटच्या तासाला आम्ही ती एका सुरात म्हणायचो. दादा माझ्यापुढे दोन इयत्ता होता, पण शाळा एकाच खोलीची, त्यामुळे कविता दोघांचीही.

सांज उतरते हळूच खाली, पायरीवर पायरी
कुणी लाविला दिवा दूरच्या अनोळखीच्या घरी
दार उघडता उजेड सांडे, अंगणभर मोकळा

चौथी ओळ माझ्या कधीच लक्षात राहिली नाही. ती दादा म्हणायचा. मी तिसरी म्हणून थांबायचो आणि तो पुढे न्यायचा, म्हातारपणीसुद्धा.

मी थांबलो, आणि लिफ्टची घंटा वाजली. दार सरकलं. कोपऱ्यातून आतलं नीट दिसत नाही, फक्त पिवळा उजेड दिसतो. तो अंधाऱ्या फरशीवरून माझ्या पावलांपर्यंत आला. आतून कुणी उतरलं नाही. कुणाची वाट पाहावी तसं दार थोडा वेळ उघडं राहिलं आणि मग मिटलं.

मी लिफ्ट बोलावली नव्हती. बोलवायला तिथे बटणच नाही.

दादा याच वेळेला वर आमच्याकडे यायचा. दोन मजल्यांसाठीही लिफ्टच लागायची त्याला. ही म्हणायची, "तुमच्या दादांना घंटा वाजवल्याशिवाय कुठे जाता येत नाही."

घरी आल्यावर ही माझ्याकडे बघत राहिली. "काय झालं?"

"काही नाही. जिना चढलो."

"जिना चढून माणूस लाल होतो. तुम्ही पांढरे झालायत."


बुधवार, ता. ४

आज मुद्दाम गेलो, आणि लिफ्ट रिकामी असूनही जिन्याने उतरलो.

आधी हात मांडीवर ठेवून नुसता बसून राहिलो. काही घडेना. कालचं सगळं मनाचे खेळ, असं म्हणून उठणार होतो, पण उठवेना. मग आपसूक कविता सुरू झाली. बोटांत ती तार, ओठांवर ती ओळ, आणि तिसरी संपता संपता घंटा.

म्हणजे कवितेला येतो. नुसतं बसून तो येणार नाही, हे मला आधीच सुचायला हवं होतं. नुसत्या बसण्याला त्याने कधी किंमत दिली?

माझी हयात कारखान्यात सर्किट बोर्डांचे नकाशे काढण्यात गेली. पारदर्शक फिल्मवर काळ्या फिती चिकटवून विजेच्या वाटा आखायच्या, पुढे तेच काम पडद्यावर आलं. त्यामुळे या गोष्टीला एक दुसरं स्पष्टीकरण आहे हे मी जाणतो, आणि प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. चिपला पुष्कळ पाय असतात. सगळ्यांना काम नसतं. नव्याने आलेल्यांना मी पहिल्या दिवशी सांगायचो, ज्या पायाला काम नाही त्यालाही कुठेतरी बांधा. सरळ जमिनीला बांधा, नाहीतर रेझिस्टर घालून वरच्या व्होल्टेजला बांधा, पण हवेत सोडू नका. हवेतल्या पायाला हो की नाही ते ठरवता येत नाही. जवळून हात गेला, शेजारी ट्यूब पेटली, की त्याला वाटतं, आपल्यालाच हाक मारली.

हे मला पाठ आहे. पण या इमारतीत ट्यूब सगळीकडे पेटतात, माणसं दिवसभर वावरतात. मग लिफ्ट नेमकी तिन्हीसांजेला, आणि नेमका मी तिथे बसलो असतानाच का यावी? याचं उत्तर कुठल्याही नकाशात नाही.


शुक्रवार, ता. ६

आता मी एकटा नाही. दुसऱ्यांनाही दिसला.

सकाळी खाली वॉचमनच्या खुर्चीभोवती घोळका होता. आमचे सेक्रेटरी होते, आणि सहाव्या मजल्यावरची ती कॉलेजात जाणारी मुलगी. मला बघून ती म्हणाली, "आजोबा, बरं झालं आलात. तुम्हाला सांगायलाच हवं. काल मी वर जात होते. तिसऱ्याचं बटण दाबलं नव्हतं, तरी लिफ्ट थांबली. दार उघडलं तर अंधारात एक आजोबा बसलेले."

"कसे होते?"

"पांढरा सदरा. केस पांढरे. डोळे मिटलेले आणि ओठ हलत होते."

"काही ऐकू आलं?"

"गाणं नव्हतं. कवितेसारखं काहीतरी. येताय का, असं विचारणार होते, पण माझा आवाजच फुटेना. दार लागेपर्यंत नुसती बटण दाबत राहिले."

"थोरले काका," वॉचमन म्हणाला. "दुसरं कोण असणार? सदरा त्यांचाच."

सेक्रेटरींनी कपाळाला हात लावला. "असू दे. कमिटीत घेऊ त्यांना. मीटिंगला कोरम तरी होईल."

सगळे हसले. मलाही हसावं लागलं. पण काल त्याच वेळेला मी तिथे होतो. बाकावरच होतो. तिसऱ्या ओळीशी अडून, डोळे मिटून, चौथीची वाट बघत बसलो होतो, म्हणून मला तो दिसला नाही. किती जवळ बसला असेल, खांद्याला खांदा लावून, आणि मी करंटा डोळे मिटून.

मुलीला हे काही सांगितलं नाही. बिचारी आधीच घाबरलेली.


सोमवार, ता. ९

उद्या हिला दवाखान्यात भरती करायचं. खुब्याचा सांधा बदलणार आहेत. लांबवत लांबवत इथवर आणलं, आता काठी घेऊनही खोली ओलांडता येत नाही.

संध्याकाळी मी दाराकडे निघालो तर पलंगावरून हाक आली.

"रोज कुठे जाता हो?"

"खाली. जरा पाय मोकळे करून येतो."

"खाली जाणारा माणूस चपला घालून जातो. तुमच्या इथेच असतात."

मी चपलांकडे पाहिलं. खरंच, तिथेच होत्या.

उशीखालच्या चादरीची घडी नीट करत ती म्हणाली, "शाल घेऊन जात जा. जिन्यात वारा असतो. आणि माझ्यामागे गोळ्या चुकवू नका. डाव्या खणात सकाळच्या, उजव्यात रात्रीच्या. कवितेने रक्तदाब उतरत नाही."

कविता हा शब्द तिने कुठून काढला कोण जाणे. मी घरात तर म्हणत नाही.

शाल घेतली. करडी, एका कोपऱ्यावर तिनेच रफू केलेली. आज तो लवकर आला.


शनिवार, ता. १४

ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले, चांगलं झालं. मुलगी आली आहे, तीच आईजवळ रात्री थांबते. मी दिवसभर बाहेरच्या बाकावर असतो आणि जवळच्याच एका खोलीत निजतो. घरी गेलेलो नाही.

भुलीतून जागी होताना ही म्हणाली, "दूध तापवलंत का?" मुलगी रडायला लागली. मी हो म्हटलं.


सोमवार, ता. १६

मुलीने आज सक्तीने घरी पाठवलं. "बाबा, आरशात बघा एकदा. आंघोळ करा, झोपा, मग या." कपडेही आणायचे होतेच.

वॉचमनला सहज विचारावं तसं विचारलं, "लिफ्ट कशी आहे? तिसऱ्यावर थांबते का?"

"नाही काका. तुम्ही गेल्यापासून एकदाही नाही. शहाण्यासारखी चाललीय."

लिफ्टने वर येईपर्यंत मला उमगलं. दादा इथे नव्हताच. तो आमच्याबरोबर दवाखान्यात आला होता. बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारची जागा कायम रिकामी राहायची, एवढ्या गर्दीतसुद्धा. लोक येत, बघत आणि दुसरीकडे जाऊन बसत. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

संध्याकाळी तिसऱ्यावर जाऊन बसलो. घंटा वाजली. म्हणजे तोही परतला.


मंगळवार, ता. १७

सेक्रेटरी सकाळीच दाराशी आले, हातात चहाचा कपही धरेनात.

"काका, कालपासून पुन्हा सुरू झालंय. तुम्ही आलात आणि भूतही आलं. सहाव्यावरच्या बाईंनी लिफ्टमधून बाहेर उडी मारली, पाय मुरगळला. लिफ्टवाल्याला बोलावलं. तो म्हणतो, जुना कंट्रोलर आहे, अख्खाच बदलायचा. रविवारी लिफ्ट बंद करणार, नवा यायला दोन महिने तरी लागतील."

"रविवारी ही घरी येणार आहे."

"माहीत आहे, म्हणून तर आलो. काकूंना पाच मजले कसे चढवणार? तुम्ही याच धंद्यातले. एकदा नजर टाकता का? काही जमण्यासारखं असेल तर मी सगळ्यांशी बोलतो."

गच्चीवरच्या मशीनरूममध्ये गेलो. सेक्रेटरींनी टॉर्च धरली. कंट्रोलरचं झाकण काढलं आणि आत आमच्या जमान्यातला बोर्ड दिसला. कुणी काढला असेल देव जाणे, पण हात सुरेख होता. वाटा सगळ्या समांतर, वळणं मऊ, एकही उगाच आडवी नाही. अशी रेष बघितली की मला अजून शाळेतली पाटी आठवते.

दोष दिसायला वेळ लागला नाही. प्रत्येक मजल्याच्या बटणाची तार चिपच्या एकेका पायाला येते. बटण दाबलं नसताना तो पाय स्थिर धरून ठेवायला एक रेझिस्टर लागतो. आम्ही तो बोर्डावर चिपशेजारी बसवायचो. या माणसाने बोर्डावरची जागा वाचवायला तो खाली, ज्या त्या मजल्याच्या डबीतच बसवला होता. डबी काढणाऱ्याला वाटलं, आपण नुसतं बटण काढतोय. डबीबरोबर तो रेझिस्टरही गेला. आता तिसऱ्याचा पाय हवेत आहे, आणि त्याला चार मजल्यांएवढी लांब तार लोंबते आहे.

तांदळाच्या दाण्याएवढा रेझिस्टर. घरात माझ्या डब्यात असे मूठभर असतील.

"काय दिसतंय?" सेक्रेटरींनी विचारलं.

"बघावं लागेल," मी म्हणालो.

कारखान्यात कुणी दोष बघून असं गुळमुळीत बोललं असतं तर मी त्याला दाराबाहेर काढला असता. पण हवेतला पाय कुणाचंही ऐकतो, तर मग दादाचं का ऐकणार नाही? इतक्या मोठ्या इमारतीत तेवढं एकच दार उघडं राहिलंय त्याला यायला. आणि ते मी माझ्या हाताने बंद करायचं?


गुरुवार, ता. १९

हिला आज वॉकर धरून उभं केलं. चार पावलं टाकली. प्रत्येक पावलाला ओठ आवळत होती, आणि पलंगाशी परत आल्यावर फिजिओथेरपीवाल्या मुलीला म्हणाली, "तुझ्या लग्नात नाचेन."

दुपारी मुलगी म्हणाली, "बाबा, लिफ्ट बंद होणार असेल तर आईला मी माझ्याकडे नेते. माझं घर तळमजल्यावर आहे. तुम्हीही चला. दोन महिने काय, कायमचेच चला. त्या पाचव्या मजल्यावर एकटे काय करणार आहात?"

"मी तुझ्याकडे येणार नाही," ही पडल्या पडल्या म्हणाली. "तुझं घर चांगलं आहे, तूही चांगली आहेस. पण मला माझी खिडकी हवी आणि माझा पलंग हवा. हाड दुसऱ्याचं बसवलंय, आता निदान भिंती तरी माझ्या असू देत."

"आई, पाच मजले आहेत."

"म्हणून तर विचारतेय." तिने मान माझ्याकडे वळवली. "लिफ्टचं काय झालं?"

"बघतायत."

"कोण बघतंय?"

"लिफ्टवाला. सेक्रेटरी."

"आणि तुम्ही? तुम्ही बघितलंत का?"

मुलगी पाणी आणायला बाहेर गेली होती. खोलीत आम्ही दोघंच. मी तिची चादर सारखी केली. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"तिकडे जायचं झालं तर जाईन मी," शेवटी तीच म्हणाली. "पण तुम्ही इथेच राहाल. मला ठाऊक आहे. तुम्ही नाही यायचे."

मी म्हणालो, "काहीतरीच काय." पण ते माझं मलाच खरं वाटलं नाही.


शुक्रवार, ता. २०

आज त्याला विचारायचं ठरवून गेलो. त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय काही करायचं नाही.

बाकावर बसलो नाही. बसून बोलण्यासारखं नव्हतं. भोकाजवळ उभा राहिलो, आधारासाठी तार मुठीत धरली आणि कविता म्हणायला लागलो. तिसरी ओळ संपली. घंटा वाजली. या खेपेला डोळे उघडे ठेवले आणि दार सरकताच पुढे होऊन समोर उभा राहिलो.

तो होता.

उजेडात उभा होता, माझ्याकडेच बघत. पांढरा सदरा. केस विस्कटलेले. खूप थकलेला दिसला. इतका म्हातारा कधी झाला, जाताना असा नव्हता. मी म्हटलं, "दादा." त्याचेही ओठ हलले, पण आवाज आला नाही.

मग दिसलं की त्याच्या अंगावर शाल होती. करडी, कोपऱ्यावर रफू केलेली. चष्म्याची डावी काडी दोऱ्याने बांधलेली, माझ्यासारखीच. आणि त्याचा एक हात बाजूला वर धरलेला होता, त्या हाताच्या मुठीत तार होती. लिफ्टमधला रोजचाच आरसा.

दार मिटलं.

मी तार सोडली. लिफ्ट कुणीतरी वर बोलावली, ती निघून गेली. थांबलो. पुन्हा तार धरली, तोंडातून अवाक्षर न काढता. लिफ्ट आली. सोडली. पुष्कळ वेळ वाट पाहिली, आली नाही. धरली. आली.

आज आणखी लिहवत नाही.


शनिवार, ता. २१

सकाळी डबा काढला. दहा किलोओहमचा रेझिस्टर शोधला. तपकिरी, काळा, नारिंगी. हे रंग आम्ही तांत्रिक शाळेत कवितेसारखे तालावर पाठ केले होते, अजून तसेच येतात.

सेक्रेटरींना म्हटलं, "मेन स्विच बंद करा. लिफ्टवाल्यालाही बोलवा. मी काम करतो, त्याने तपासायचं."

"म्हणजे होणार?"

"होणार."

"काका, मंगळवारीच का नाही सांगितलंत?"

"नक्की नव्हतं," मी म्हणालो. ते तरी खोटं नव्हतं.

माझा हात हल्ली थरथरतो. चहा बशीत सांडतो. पण सोल्डर वितळून चकाकलं की तेवढ्या क्षणापुरता हात थांबतो, अजूनही. चिपच्या पायाजवळ रेझिस्टर बसवला, दुसरं टोक वरच्या व्होल्टेजला नेलं. लिफ्टवाल्या पोरसवदा माणसाने भिंग लावून पाहिलं आणि म्हणाला, "एवढंच होतं?" मी म्हटलं, "एवढंच असतं."

लांब तार तोडायच्या आधी परीक्षा घ्यायची होती. सेक्रेटरींना तिसऱ्यावर पाठवलं. स्विच लावला. जिन्याच्या पोकळीतून आम्ही एकमेकांशी ओरडून बोलत होतो.

"तार धरलीत का?"

"धरलीय. शॉक नाही ना बसणार?"

"नाही."

"मग काय होणार?"

"काही नाही."

आणि काही झालं नाही. मोटर गप्प होती, रिले गप्प होते. शेजारी लिफ्टवाला हत्यारं भरायला लागला. मी बोर्डाकडे बघत उभा होतो. चिप तिथेच होती, तिचा तो पाय तिथेच, आता कुणाचंही न ऐकणारा.

"काका, किती वेळ धरून राहू?" खालून आवाज आला.

"अजून थोडा वेळ धरा," मी म्हणालो.

त्यांनी धरली. भला माणूस. शेवटी लिफ्टवाल्यानेच माझ्या कोपराला हात लावला, "साहेब, झालं ना?" तेव्हा मी तार तोडली.

नवा कंट्रोलर आता घ्यायचा नाही, असं ठरलं. सहाव्यावरच्या मुलीने जिन्यात थांबवून विचारलं, "आजोबा, ते आता दिसणार नाहीत?" म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "मला नंतर वाईट वाटलं. त्यांना 'येताय का' असं विचारायला हवं होतं." तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि घरी आलो.


रविवार, ता. २२

ही घरी आली.

वॉकर, ही आणि मी, एवढ्यात लिफ्ट भरली. मुलगी पिशव्या घेऊन खाली थांबली, म्हणाली, पुढच्या खेपेला येते. दार मिटलं. मी पाचाकडे बोट नेलं, तर हिने माझं बोट बाजूला सारून तीन दाबलं. मग पाच.

"अगं, तीन कशाला?"

"आता आपणहून थांबत नाही ना? म्हणून दाबावं लागतं."

लिफ्ट तिसऱ्यावर थांबली, दार उघडलं. बाहेर अंधार, कोपऱ्यात बाक. हिने एका हाताने वॉकर धरला, दुसरा हात दाराच्या कडेला लावून दार अडवलं. मग दार मला धरायला लावून वॉकरच्या पिशवीत चाचपून एक किल्ली काढली, काळ्या दोऱ्यात ओवलेली.

"ही कसली?"

"तुमच्या दादांच्या घराची. पुतण्या जाताना देऊन गेला. म्हणाला होता, काकांना सांगा, अधूनमधून उघडत जा. तुम्हाला दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा तुम्ही ऐकलं नाहीत. मग मी ठेवून दिली."

मला आठवेना. खरंच आठवेना.

"रोज संध्याकाळी दाराबाहेर बसलात," ती म्हणाली, "तो येईल, तो बोलावेल म्हणून. स्वतः एकदा तरी दार उघडलंत?"

"आत कुणी नाही."

"तेच बघून या. पुस्तकांना कसर लागली असेल. हवा कोंडली असेल. आज नुसत्या खिडक्या उघडा, बाकीचं मी चालायला लागले की दोघं मिळून करू. आणि लवकर उतरा, माझा पाय भरून आलाय."

"तू एकटी वर कशी जाशील?"

"लिफ्ट दुरुस्त केलीत ना? मग भरवसा ठेवा."

मी उतरलो. दार मिटलं, उजेड गेला, आणि वर चढत जाणारा आवाज ऐकत उभा राहिलो. पाचव्यावर घंटा वाजली. वॉकरचे पाय फरशीवर टेकल्याचा आवाज आला, मग आमचं दार.

कुलूप गंजलेलं, किल्ली दोनदा अडली. आत कोंदट वास होता, जुन्या कागदांचा. दिवा लावला. त्याची खुर्ची, त्याची शेल्फं, टेबलावर उताणं ठेवलेलं भिंग. मी सगळ्या खोल्यांतून हिंडलो. कुणी नव्हतं. दाराआड नव्हतं, खिडकीशी नव्हतं. मी त्याच्या खुर्चीत बसून बघितलं. नुसती खुर्ची होती. मग रडलो, किती ते माहीत नाही, या वर्षात पहिल्यांदाच.

बाहेर पडताना लिफ्ट बोलवायला बटण नव्हतं. दोन मजले चढून आलो.

ही तिच्या खिडकीशी, तिच्या पलंगावर, पाठीला दोन उशा लावून बसली होती. मुलगी चहा गाळत होती.

"कुणी होतं?" हिने विचारलं.

"नाही."

"खिडक्या?"

"उघडल्या. स्वयंपाकघरातली तेवढी उघडत नाही, बिजागरी धरलीय."

"उद्या तेल घेऊन जा," ती म्हणाली.